दोन तासांच्या विमानात पुढची जागा

दोन तासांच्या विमानप्रवासासाठी दीडपट-दुप्पट पैसे का मोजावेत, हा प्रश्न व्यापारी घरात विचारला गेला नाही तरच नवल. मुंबईहून लंडनला जाताना रात्रभर आडवे होता येते, सकाळी उतरून थेट कामाला लागता येते. तेथे बिझनेस क्लासचा हिशेब एक वेळ समजतो. पण ग्वांगझूहून यिवूला, म्हणजे जेमतेम दोन तासांत, माणूस विश्रांती ती किती घेणार आणि ती कोणत्या खात्यावर टाकणार? चीनमध्ये मालखरेदीसाठी जाणाऱ्या कुटुंबांत हा वाद अधूनमधून होतो. तरुण पिढी एका बाजूला असते आणि ज्यांनी पहिल्या खेपेला सरबताच्या बाटलीत घरचे पाणी भरून नेले होते, ती पिढी दुसऱ्या बाजूला.

या खेपा आता पुन्हा वाढल्या आहेत. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझू मार्गाने सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात दिल्लीहून ग्वांगझू व शांघाय हे मार्गही खुले झाले. तोवर हाँगकाँग, बँकॉक, सिंगापूर असा वळसा पडत होता. ग्वांगझूचा कँटन फेअर १९५७ पासून भरतो. वसंतात आणि शरदात, प्रत्येकी तीन टप्प्यांत. भेटवस्तू, घरगुती वस्तू, शोभेच्या वस्तू पाहायच्या तर दुसरा टप्पा. तो संपला की पुष्कळ व्यापारी तेथून यिवू गाठतात. यिवूच्या बाजारात सुमारे पंचाहत्तर हजार गाळे आहेत. बटणापासून बाहुलीपर्यंत जे जे लहान ते ते तेथे. या दोन शहरांना जोडणारे विमान हा त्या खेपेतला लहानसा, पण चुकवता न येणारा तुकडा. रेल्वेनेही जाता येते, परंतु त्यात दिवस मोडतो.

चिनी भाषेत बिझनेस क्लासला एकाहून अधिक नावे आहेत. काही कंपन्या 'शांगवू' म्हणजे व्यापारी कामकाज हा शब्द वापरतात. काहींच्या तिकिटावर 'गुंगवू' असते. गुंगवूचा अर्थ सार्वजनिक किंवा सरकारी कामकाज. सरकारी नोकराला चिनीत जो शब्द आहे, त्यातही हाच गुंगवू आहे. म्हणजे जी जागा आपण व्यापाऱ्याची म्हणून ओळखतो, ती तेथे नावापुरती तरी अंमलदाराची आहे. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. चीनमधील नागरी विमान वाहतूक मार्च १९८० पर्यंत हवाई दलाच्या अखत्यारीत होती. त्या काळी विमानाचे तिकीट पैसे देऊन मिळत नसे. ठराविक दर्जाच्या वरचे पद आणि कार्यालयाचे शिफारसपत्र लागे. खिशात पैसे असलेला व्यापारी तिकिटाच्या खिडकीपाशी पोहोचलाच नसता, कारण त्या देशात तेव्हा तसा व्यापारीच उरला नव्हता. १९८० मध्ये डंग श्यावफिंग यांनी विमान वाहतूक धंदा म्हणून चालवली पाहिजे असे बजावले, आणि त्या दशकाच्या अखेरीपासून एकाच सरकारी खात्यातून वेगवेगळ्या विमान कंपन्या निघाल्या.

पुढे चाक उलटे फिरले. २०१४ च्या आरंभी लागू झालेल्या प्रवासखर्चाच्या नियमांनुसार केंद्रीय कार्यालयांतील मंत्रिदर्जाच्या अधिकाऱ्यांनाच विमानात प्रथम वर्ग मिळू लागला; त्याखालच्या सर्वांनी साध्या वर्गाने जावे असे ठरले. म्हणजे पूर्वी जी जागा पदाखेरीज मिळत नव्हती, तीच आता पदामुळे बहुतेकांना नाकारली गेली. पडद्यापुढे बसणारा मनुष्य हल्ली बहुधा खासगी कारखानदार असतो, नाहीतर साध्या तिकिटावर पुढे बढती मिळालेला नेहमीचा प्रवासी. नाव सरकारी, गिऱ्हाईक खासगी.

भाड्याची गोष्टही अशीच. पूर्वी सरकारने ठरवून दिलेले गुणोत्तर होते: साध्या वर्गाचे पूर्ण भाडे शंभर धरले तर बिझनेसचे एकशे तीस आणि प्रथम वर्गाचे दीडशे. जून २०१० पासून वरच्या वर्गांचे भाडे ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. सामानाचा जुना नियम मात्र व्यापाऱ्यांनी पाठ करावा असा होता. साध्या वर्गाला २० किलो, बिझनेसला ३०, प्रथम वर्गाला ४०. त्यावरच्या प्रत्येक किलोला साध्या वर्गाच्या पूर्ण भाड्याच्या दीड टक्का आकार. आता २०२१ पासून कंपन्या आपापले नियम करतात, तरी पुष्कळ ठिकाणी सांगाडा तोच राहिला आहे.

यातली मेख 'पूर्ण भाड्याच्या' या शब्दांत आहे. समजा, पूर्ण भाडे हजार युआन आहे आणि सवलतीत तिकीट चारशेला मिळाले. तिकिटाची सवलत सामानाला लागू होत नाही. वीस किलो जास्त भरले तर प्रत्येक किलोला पंधराप्रमाणे तीनशे युआन. म्हणजे माणूस चारशेला गेला आणि त्याची पेटी तीनशेला. याउलट जुन्या गुणोत्तराने प्रथम वर्गाचे तिकीट घेतले असते, तर पूर्ण भाड्यावरच्या पाचशे जादा युआनपैकी तीनशे सामानातच वसूल झाले असते. ज्याच्याजवळ हातपिशवीखेरीज काही नाही, त्याला हे गणित लागू नाही. ज्याने फेअरमध्ये चार दिवस नमुने गोळा केले आहेत, त्याला ते करावेच लागते. पण अशी बेरीज तिकीट काढताना फारच थोडे लोक करतात. ती पेटी काट्यावर चढल्यावर आठवते.

पुण्याच्या रविवार पेठेतील एका घाऊक व्यापाऱ्यांना ती तशीच आठवली. कटलरी, इमिटेशन, भेटवस्तू असा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. वय अडुसष्ट, उजवा गुडघा दुखरा, शस्त्रक्रिया दोन वर्षे पुढे ढकललेली. घरात त्यांना सगळे 'भाऊ' म्हणतात. मुलगाही भाऊच म्हणतो. ऑक्टोबरच्या अखेरीस दुसरा टप्पा आटोपून बापलेक ग्वांगझूच्या बाययुन विमानतळावर आले. बाययुन म्हणजे पांढरा ढग. त्या दिवशी ढग होते ते करडे. दुपारी साडेतीनचे विमान, साडेपाचला यिवू. दोन्ही तिकिटे साध्या वर्गाची. पेट्यांत सुऱ्या, चमचे, काट्यांचे संच. सुऱ्या असल्यामुळे ते सारे हातपिशवीत नेता येण्यासारखे नव्हतेच. काट्याने आकडा दाखवला तो मर्यादेच्या बराच वर.

खिडकीवरील मुलीने मोबाइलवर भाषांतर करून दोन आकडे पुढे केले. जादा वजनाचे ३६० युआन. किंवा दोघांपैकी एकाचे तिकीट पुढच्या वर्गात बदलून घेतल्यास ६८० युआन, मग जादा वजन त्यातच बसते. युआन साधारण बारा रुपयांचा धरला तर फरक चार हजारांच्या आत. मुलाने भाऊंच्या गुडघ्याकडे पाहिले आणि कार्ड पुढे केले.

"हे कोणत्या खात्यात?" भाऊंनी विचारले.

"मालवाहतूक," मुलगा म्हणाला.

"माल मी आहे का?"

"भाऊ, मागे लोक खोळंबलेत."

एवढ्यावर तो संवाद थांबला. बाप पुढच्या वर्गात, मुलगा एकतिसाव्या रांगेत, अशी विभागणी झाली. पुण्यात कोणी हे ऐकले तर काय म्हणेल, ही चिंता दोघांनाही होती; पण प्रत्येकाची चिंता निराळ्या दिशेची होती.

पैसे कशाचे घेतात हे कळायला सुरुवात जमिनीवरच झाली. चिनी सुरक्षा तपासणी सावकाश आणि कसून चालते. छत्रीसुद्धा पिशवीतून बाहेर काढून ठेवावी लागते. लायटर आणि काडेपेटी विमानात कोठेही चालत नाही, चेक-इनच्या सामानातही नाही. २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानात पॉवर बँक न्यायची तर तिच्यावर चीनचे 'थ्री-सी' हे प्रमाणचिन्ह स्पष्ट छापलेले असावे लागते. नसेल तर ती तेथेच सोडून पुढे जायचे. भारतातून नेलेल्या पॉवर बँकांवर ते सहसा नसते. मुलाची पॉवर बँक अशीच गेली. भाऊंच्या रांगेत पुढे दोनच माणसे होती, मुलाच्या रांगेत साठ. परंतु रांग लहान म्हणून नियम सैल नव्हता. भाऊंची नखे कापायची कात्री दोनदा उलटून पाहिली गेली.

विश्रांतिगृहात, ज्याला तेथेही लाउंज म्हणतात, नूडल्सची खिडकी असते. ताज्या उकडून, वर रस्सा घालून वाटी देतात आणि चिनी प्रवासी तिच्यासाठी आवर्जून थांबतात. शाकाहारी माणसाने त्या रश्श्याविषयी चौकशी न करता पुढे जावे हे बरे. 'मांस नको' एवढेच चिनीत सांगितले तर ऐकणारा 'डुकराचे नको' असे समजण्याचा संभव मोठा, कारण मांस या साध्या शब्दाने तेथे डुकराचे मांसच अभिप्रेत असते; कोंबडीचा अर्क त्या नकारात येत नाही. त्याऐवजी 'सू' हा शब्द कामाचा. सू म्हणजे बौद्ध परंपरेतले शाकाहारी अन्न. त्यात मांस-मासळी नसतेच, शिवाय कांदा, लसूण, पातीचा कांदा अशा पाच उग्र वनस्पतीही वर्ज्य असतात. त्या पाचांत बहुतेक टीकाकारांच्या मते हिंगही येतो. कांदा-लसूण सोडून हिंगावर फोडणी देणाऱ्या आपल्या घरांना याचे नवल वाटेल. बटाटा, गाजर, मुळा, कमळकाकडी, अळिंबी यांना मात्र सूमध्ये मुळीच अटकाव नाही. तेव्हा अर्धी वाट सोबत, पुढे आपली आपण.

विमान कंपन्यांच्या जगात विशेष जेवणांना चार अक्षरी संकेत असतात. जैन जेवणाचा 'व्हीजेएमएल', चिनी धाटणीच्या शाकाहारी जेवणाचा 'व्हीओएमएल'. मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रवासात पहिला संकेत चालतो. लहान देशांतर्गत मार्गावर जेवण मुळातच मोजके. विशेष जेवण निदान एक दिवस आधी नोंदवावे लागते आणि काट्यापाशी तिकीट बदलून घेणाऱ्याला ती सोय उरत नाही. भाऊंजवळ त्यावर उपाय होता. यिवूतल्या एजंटाने पूर्वी लिहून दिलेले, प्लास्टिकमध्ये घातलेले एक कार्ड: काय खात नाही याची चिनी यादी, अंड्यापासून बटाट्यापर्यंत. आणि पिशवीत खाखरे, कोरडी चटणी, मुगाची बर्फी.

विमान इमारतीला लागलेले नव्हते, दूर मैदानात उभे होते. अशा वेळी साधे प्रवासी मोठ्या बसमध्ये उभे राहतात आणि पुढच्या वर्गातल्या मोजक्या लोकांसाठी पुष्कळदा लहान गाडी येते. गाडीत गाद्या होत्या, पायाशी जागा होती. पण गाडी थांबली ती शिडीपाशीच. गुडघ्याचा खरा शत्रू शिडी, आणि तिच्या पायऱ्या दोन्ही वर्गांना सारख्याच. एका सेविकेने खाली येऊन त्यांची पिशवी घेतली. चढायचे ते त्यांनाच चढावे लागले.

अशा लहान विमानात पुढे बहुधा आठ आसने असतात, दोन-दोनच्या दोन रांगा. मागे तीन-तीनच्या तीस-एक. मोठ्या विमानांत मिळतो तसा पलंग येथे होत नाही. बेजिंग-शांघाय मार्गावर मोठी विमाने धावतात, तेथे सव्वादोन तासांच्या प्रवासातही पूर्ण आडवे होणारे आसन मिळू शकते; पण त्याच मार्गावर ताशी साडेतीनशे किलोमीटरची रेल्वे आहे. ती १३१८ किलोमीटर अंतर साडेचार तासांच्या आत काटते आणि तिच्याही बिझनेस वर्गात पलंगासारखे आसन असते. रेल्वेने लहान विमानप्रवासाची काय अवस्था केली याचा दाखला झंगचौ-शीआन मार्गाचा. फेब्रुवारी २०१० मध्ये तेथे वेगवान रेल्वे सुरू झाली आणि दोन महिने पुरे व्हायच्या आत त्या मार्गावरची सगळी विमाने बंद पडली. जेथे रेल्वे हरवते तेथे उड्डाणच उरत नाही. जेथे उड्डाण उरते तेथे पुढच्या पडद्याआड जेवढी सरबराई देता येईल तेवढी दिली जाते, याचे कारण बहुधा हेच असावे.

सरबराई होती खरी. आसन हातभर रुंद, पाय पूर्ण लांब करण्याएवढी मोकळी जागा. गरम ओला रुमाल. कापडी सपाता. भाऊंनी बूट काढून सपाता घातल्या आणि गुडघा सरळ केला, तेव्हा तोंडातून नकळत एक 'हुश्श' निघाले. सेविका आसनाशेजारी खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, आडनावाने नमस्कार करून गेली. वयाने नातीएवढी मुलगी अशी जमिनीलगत बसून बोलते हे त्यांना आवडले नाही. त्यांनी तिला हाताने उठ, उठ अशी खूण केली. तिला वाटले, त्यांना काही हवे आहे.

त्यांना गरम पाणी हवे होते. आणि येथे एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. उकळलेल्या पाण्याविषयी चिनी माणसाला काहीही समजावून सांगावे लागत नाही. विमानतळ, रेल्वेचा डबा, कारखान्याची कचेरी, सगळीकडे उकळत्या पाण्याचा नळ असतो. म्हातारी माणसे थर्मासखेरीज घर सोडत नाहीत. युरोपात जे पाणी मागताना उपाहारगृहातला वाढपी चेहऱ्याकडे पाहत राहतो, ते येथे न मागता पुढे येते. पुढच्या वर्गात ते झाकणाच्या चिनी मातीच्या पेल्यात आले, एकतिसाव्या रांगेत कागदी पेल्यात. पाणी तेच.

साडेतीन वाजले, पावणेचार, चार. विमान जागचे हलेना. घोषणा झाली: वाहतूक नियंत्रण. चीनमध्ये नित्य प्रवास करणाऱ्यांच्या कानांना हे शब्द सवयीचे आहेत. तेथील आकाशाचा फार मोठा भाग लष्कराच्या ताब्यात असतो. नागरी विमानांना उरलेल्या अरुंद वाटांतून जावे लागते. वाट भरली की विमाने जमिनीवर खोळंबतात. वैमानिकालाही कधी निघायचे ते सांगता येत नाही. या बाबतीत वर्गभेद नाही. पडद्यापुढचे आठ आणि मागचे दीडशे एकाच वेळी निघणार.

भाऊ सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत, पाणीही नाही. चाळीस वर्षांचा नेम. साडेतीनचे विमान त्यांनी त्यासाठीच निवडले होते. सव्वाचारला वर काही खाल्ले असते, उतरेपर्यंत निवांत. त्यातही एक गुंता होता. साऱ्या चीनमध्ये घड्याळ एकच, बेजिंगचे. यिवू ग्वांगझूच्या पूर्वेला आणि उत्तरेला. ऑक्टोबरअखेर ग्वांगझूला सूर्य पावणेसहानंतर मावळतो, यिवूला सव्वापाचच्या सुमारास. म्हणजे जसजसे पुढे जावे तसतसा अर्धा तास हातचा जातो. भाऊंनी यिवूचीच वेळ धरली. सावधगिरीचा हिशेब नेहमी कमी आकड्यावर करायचा, हे त्यांनी धंद्यातही पाळले आहे.

साडेचारला त्यांनी बोलावण्याचे बटण दाबले. मुलगा तीस रांगा मागे, आसनाच्या पट्ट्यात, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये. कार्ड पुढे केले, ते सेविकेने वाचले आणि मान हलवली. पण काय खात नाही हे कार्ड सांगत होते, कधी खात नाही हे त्यावर नव्हते. भाऊंनी वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने एक आडवी रेघ ओढली, तिच्यावर अर्धा सूर्य काढला, बाजूला ५ असे लिहिले आणि बोट तोंडाकडे नेऊन नाही म्हणून हात हलवला. तिने चित्राकडे पाहिले, खिडकीबाहेर पाहिले. मग मोबाइल काढून काही बोलली आणि पडदा त्यांच्यापुढे धरला. इंग्रजीत वाक्य उमटले होते: अंधार पडण्यापूर्वी जेवायचे आहे का?

याच मोबाइलची आणखी एक गंमत. जानेवारी २०१८ पर्यंत चिनी विमानात फोन फ्लाइट मोडवरसुद्धा चालू ठेवता येत नसे. दहा वर्षांपूर्वी त्या मुलीला हे वाक्य दाखवताच आले नसते.

विमान उडण्याआधी जेवण वाढण्याची पद्धत नाही, पण लांबलेल्या खोळंब्यात ते करतात. तिने आतून ताट आणले आणि एकेक वाटी कार्डाशी ताडून पाहिली. भातावरची भाजी गेली, तीत लसणाची पात होती. पाव गेला, अंड्याविषयी तिला खात्री देता येईना आणि तिने तसे प्रामाणिकपणे सांगितले. दह्याची डबी गेली. उरले एक सफरचंद, एक केळे, ड्रॅगन फळाच्या फोडी. तिचा चेहरा उतरला. भाऊंनी पिशवीतून खाखरे काढले, चटणीची पुडी उघडली, आणि तिला एक खाखरा देऊ केला. तिने दोन्ही हातांनी घेतला, कामावर असताना खाता येत नसावे म्हणून कागदी रुमालात गुंडाळून ठेवला. पाणी पुन्हा भरून आणले. पाच वाजून आठ मिनिटांनी भाऊंचे खाणे झाले, हात जोडून त्यांनी डोळे मिटले. सव्वापाचच्या पुढे कधीतरी विमान हलले.

मुलाने नंतर विचारले असता भाऊ म्हणाले, "मागेही कोणी दिले असते. माणसे बरी आहेत." तेही खोटे नाही. मागच्या रांगांतही पाणी आणि शेंगदाण्याची पाकिटे वाटली गेली होती, आणि तेथेही कोणी विनंती केली असती तर तिला दाद मिळालीच असती. फरक आकड्याचा होता. पुढे आठ माणसांमागे एक सेविका होती, मागे दीडशे माणसांमागे तीन. पन्नास जणांत ज्याला भाषा येत नाही त्याने अर्ध्या सूर्याचे चित्र काढावे आणि समोरच्याने ते उलगडत उभे राहावे, एवढी सवड मागे कोणाजवळ होती? रुंद आसनावर किंवा सपातांवर पैसे गेले असे म्हणणाऱ्याचा हिशेब अपुरा वाटतो. दोन तासांत आसन किती उपयोगी पडणार? पैसे गेले ते कोणाला तरी थांबून ऐकण्याची सवड असावी यावर. भाऊंनी ती सवड विकत घेतलेली नव्हती, मुलाने गुडघ्यासाठी घेतली होती. ती भलत्याच कामी आली.

ढगांच्या वर आल्यावर डाव्या खिडकीतून सूर्य अजून दिसत होता. उंचावर तो उशिरा मावळतो. बाकीच्या सात जणांपुढे गरम ताटे आली. भाऊंपुढेही एक येऊ लागले, तोच त्या मुलीने दुसरीला हाताने थांबवले.

यिवूला पुढचे प्रवासी आधी उतरले. त्यांच्या पेट्यांना लावलेल्या चिठ्ठ्यांमुळे त्या पट्ट्यावरही आधी आल्या. त्याचा उपयोग काही झाला नाही. भाऊ पेट्या उतरवून मुलाची वाट पाहत खांबाला टेकून उभे राहिले. मुलगा आला तेव्हा भुकेला होता. हॉटेलजवळच्या भारतीय खानावळीत त्याने जेवून घेतले, भाऊ समोर बसून दुसऱ्या दिवशीची गाळ्यांची यादी करत राहिले.

रात्री त्यांनी खेपेची वही काढली. ही वही ते प्रत्येक खेपेला नवी करतात. पानाच्या डाव्या बाजूला दुकानाचा खर्च, उजव्या बाजूला स्वतःचा. ६८० युआनची नोंद एकाच ओळीत बसेना. मुलगा म्हणाला होता मालवाहतूक, म्हणून त्यांनी ३६० डाव्या बाजूला लिहिले. वजन खरेच दुकानाचे होते आणि ते कोणत्याही मार्गाने गेले असते तरी तेवढे पडलेच असते. उरलेले ३२० त्यांनी उजवीकडे, आपल्या उचलीत धरले. मुलाने वाकून पाहिले. गुडघा दुकानात उभे राहूनच झिजला आहे, तेव्हा तेही दुकानाकडेच टाका, असे त्याचे म्हणणे पडले. भाऊंनी आकडा खोडला नाही. पेन्सिलीने शेजारी एक प्रश्नचिन्ह तेवढे काढले, पुण्याला गेल्यावर धाकट्या भावाला विचारू म्हणाले. दुकान तिघांचे आहे.

चार दिवसांनी माल पक्का करून बापलेक शांघायला निघाले, तेही रेल्वेने, दुसऱ्या वर्गाने. फलाटापर्यंत लिफ्ट होती, डब्यात शिरायला पायरी नव्हती, आणि दोन डब्यांच्या मध्ये उकळत्या पाण्याचा नळ होता. भाऊंनी थर्मास भरून आणला आणि खिडकीची जागा घेतली.